ताणावर धरलेलं सफरचंद

बंगळूरच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यावरच्या बोम्मसंद्र्यात हृदयरोगावरच्या उपचारांसाठी देशभर ओळखलं जाणारं मोठं रुग्णालय आहे. अशा ठिकाणी आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत सफरचंदं हवीत, हा आपल्याकडचा जुना रिवाज. आज ती सिमल्याची, काश्मीरची किंवा बोटीनं आलेली असतात. एकेकाळी मात्र बंगळूरकरांना घरचं सफरचंद मिळे. त्यातली रुळलेली जात ‘रोम ब्यूटी’.

तिचा जन्म अमेरिकेतल्या ओहायोचा. १८१७च्या सुमारास जोएल जिलेट या शेतकऱ्यानं रोपवाटिकेतून कलमं आणली. एकाला जोडाच्या खालून, म्हणजे खुंटालाच फूट आलेली. टाकाऊ म्हणून त्यानं ते मुलाला देऊन टाकलं. मुलानं नदीकाठी लावलं आणि त्याला मोठी, लाल, जाड सालीची फळं धरली. आपला कुठलाही माळी असा फुटवा दिसताच कात्री चालवतो. त्या पोरानं चालवली नाही, एवढंच.

बंगळूरला परदेशी फळझाडं रुजवण्याचं काम तिथल्या लालबाग या वनस्पती उद्यानानं केलं. जॉन कॅमेरून १८७४ ते १९०८ आणि त्यांच्यानंतर जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगल तिथे अधीक्षक होते. पण सफरचंदाला हिवाळ्यात झोप लागते. नेहमीच्या जातींना सात अंशांखालची थंडी हजारेक तास हवी, आणि नऊशे मीटर उंचीवरच्या बंगळूरला ती कुठली? मग बागवानांनी झाडाला जबरदस्तीनं निजवलं. पाणी तोडायचं, मुळं उघडी करायची, पानं उतरवायची आणि मग खत-पाणी देऊन फुलोरा आणायचा. नागपूरचा संत्रावाला याला ताण देऊन बहार धरणं म्हणतो. जावा बेटावर बातूच्या बागांत हीच रोम ब्यूटी पानं ओरबाडून वर्षातून दोनदा पिकवतात.

बंगळूरच्या बागांना पुढे लोकरी मावा ही कीड लागली, शहरही पसरलं. शिवाय उत्तरेत १९१६च्या सुमारास मूळचे अमेरिकन असलेल्या सत्यानंद स्टोक्स यांनी हिमाचलातल्या कोटगढला लावलेलं ‘रेड डिलिशियस’ देखणं आणि गोड. रोम ब्यूटी खरी खुलते शिजवल्यावर. सफरचंद कच्चं खाणाऱ्यांना डिलिशियसच आवडणार.

राहिला आरोग्याचा भाग. शंभर ग्रॅम सफरचंदात जेमतेम ५२ कॅलरी आणि सुमारे अडीच ग्रॅम तंतू. क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट द्रव्य मुख्यतः सालीत, म्हणून आजाऱ्यासाठी प्रेमानं साल काढणारे त्यातलं बरंच सालीबरोबर टाकतात. क जीवनसत्त्वात तर पेरू सफरचंदाच्या कितीतरी पट पुढे आहे. २०१५ साली अमेरिकेत ८,३९९ प्रौढांच्या माहितीवरून रोज सफरचंद खाणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या मोजल्या गेल्या. इतर घटक जमेस धरल्यावर त्या कमी भरल्या नाहीत; डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मात्र थोडी कमी लागत होती. फळ चांगलंच आहे, पण त्याला औषधाचा मान आपण दिला, तो बहुधा महागाईमुळे. पेरू कुणी आजाऱ्याला नेत नाही.

आता उष्ण प्रदेशातलं सफरचंद परत येतंय. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मांनी ‘एचआरएमएन-९९’ निवडलं. त्यांना २०२५ची पद्मश्री मिळाली. चाळीस अंशांवर तगणारी ही जात महाराष्ट्रातल्या काही शेतकऱ्यांनीही लावली आहे. फळ जूनमध्ये उतरतं, तेव्हा काश्मीरचा नवा माल बाजारात आलेला नसतो.