लंडनमधले कोलरिज-टेलर
सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी कोल्हापूरचे शाहू महाराज १९०२ साली लंडनला गेले. त्या काळच्या लंडनमधील एक कृष्णवर्णीय संगीतकार म्हणजे सॅम्युअल कोलरिज-टेलर (१८७५–१९१२). वयाने ते महाराजांहून वर्षभराने लहान. वडील सिएरा लिओनचे डॉक्टर, आई इंग्रज. बालपण क्रॉयडनमध्ये गेले. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ते आधी व्हायोलिन आणि पुढे संगीतकार स्टॅनफर्ड यांच्याकडे संगीतरचना शिकले. ‘हायावाथा’ या काव्यावरील समूहगानाने १८९८ मध्ये त्यांचे नाव झाले, मात्र हक्क किरकोळ रकमेला विकून टाकल्यामुळे पैसा प्रकाशकाच्या पदरात पडला.

आमच्या मते त्यांचे खरे मोलाचे काम पियानोचे. १९०५ च्या ‘ट्वेंटी-फोर निग्रो मेलडीज’ या संग्रहात आफ्रिकेतील लोकांची आणि अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांची गाणी पियानोसाठी बांधली आहेत. प्रत्येक रचनेच्या माथ्यावर मूळ धून जशीच्या तशी छापलेली; बंदिश मांडून मग बढत करावी, तसा खाली तिचा विस्तार. ब्राम्सने हंगेरियन आणि ग्रीगने नॉर्वेजियन लोकसंगीतासाठी केले तेच या सुरांसाठी करण्याचा त्यांचा हेतू होता. प्रस्तावना बुकर टी. वॉशिंग्टन यांची आहे. ते स्वतः गुलामीत जन्मलेले. कोल्हापुरात शाहू महाराजांची वसतिगृहे उभी राहत होती, त्याच काळात ते अमेरिकेत टस्कीगीला कृष्णवर्णीयांसाठी शिक्षणसंस्था चालवत होते.
— संपादक