गॉब्लिन कधी पळतो?

'स्ट्रेंजर थिंग्ज' बघितली असेल, तर तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकणारी मुलं आठवतील. ती खेळतात तो गेम म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. एक जण डंजन मास्टर होतो, बाकीचे एकेक नायक. नायक सोडून त्या जगात जे काही आहे ते सगळं डंजन मास्टर चालवतो, राक्षससुद्धा. आता समजा, सात गॉब्लिन चालून आले आणि त्यातला एक पहिल्याच फटक्यात मेला. उरलेले सहा काय करतील?

गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाची उत्तरं बदलत गेली, आणि त्यांच्याबरोबर गेमही बदलला.

सुरुवात प्रशियाच्या सैन्यात होते. १८२४ मध्ये फॉन राइसवित्झ या लेफ्टनंटने अधिकाऱ्यांसाठी 'क्रीगस्पील' हा युद्धखेळ मांडला. नकाशा, ठोकळे, फासे आणि मधे एक पंच. पुढे १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी या अधिकाऱ्याने सुचवलं, की बरेचसे नियम बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाला निर्णय घेऊ द्या. नियम मोठा की पंचाची समज, हा वाद इतका जुना आहे.

जवळपास शंभर वर्षांनी अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियम लिहिले. साल १९७१. त्यात ठरावीक माणसं पडली, की उरलेली तुकडी टिकते की पांगते हे फाशांवर ठरायचं. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तो याच वाटेने पुढे जाऊन.

१९८१ च्या बेसिक संचात हा हिशोब सगळ्यात सुटसुटीत दिसतो. प्रत्येक राक्षसासमोर मनोधैर्याचा एक आकडा. पहिला साथीदार मेला किंवा निम्मे गारद झाले, की दोन फासे टाकायचे. बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली, तर त्यांना लढायचं नाही. गॉब्लिनचा आकडा ७. म्हणजे दर वेळी माघार घेण्याची शक्यता साधारण ४२ टक्के. पण त्यांचा राजा सोबत लढत असेल तर आकडा ९, आणि शक्यता थेट १७ टक्क्यांवर येते. सांगाड्यांचा आकडा १२. मेलेल्याला कसली भीती!

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला हा नियम फार आवडतो. एका आकड्यात भीती, नेता आणि जमावाची मानसिकता बसवली आहे. शिवाय तेव्हा अनुभवाचे बहुतेक गुण खजिना मिळवल्याबद्दल मिळायचे, मारल्याबद्दल फार थोडे. त्यामुळे शत्रू पळाला तर नायकांचं काहीच बिघडत नसे.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत मनोधैर्याचा आकडा गेला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने राक्षसांना भूमिका वाटून दिल्या: कोणी अंगावर येणारा, कोणी लांबून मारणारा, कोणी दबा धरून बसणारा. लढाई कशी करायची हे त्यातून छान कळायचं, पण कधी थांबवायची हे कळत नसे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मनोधैर्य परत आलं, पण डंजन मास्टरच्या पुस्तकातला एक ऐच्छिक नियम म्हणून. अनेक टेबलांवर तो वापरलाच जात नाही. मग राक्षस काय करतो? सगळ्यात सोप्या कोडसारखं: जो जवळ दिसेल त्याला मार, शून्यावर येईपर्यंत मारत राहा.

दुसरी वाट पंचाच्या समजेची. नोव्हेंबर १९८७ च्या 'ड्रॅगन' मासिकात संपादक रॉजर मूर यांनी टकर नावाच्या डंजन मास्टरच्या कोबोल्डांबद्दल लिहिलं. कोबोल्ड म्हणजे गेममधला जवळजवळ सगळ्यात दुबळा प्राणी. पण टकरचे कोबोल्ड बोळात आग लावायचे, भिंतीतल्या फटींतून बाण मारायचे, समोरासमोर कधी यायचेच नाहीत. कसलेले नायक त्यांच्यापुढे पळत सुटायचे. कोबोल्डांची ताकद तेवढीच होती, फक्त त्यांना जगायचं होतं. २०१९ मध्ये कीथ अमन यांनी अख्खं पुस्तक याच विचारावर लिहिलं: प्राण्याचे गुण बघा, त्याला काय जमतं आणि काय हवंय ते ओळखा, डावपेच त्यातून निघतात.

आमच्या रविवारच्या टेबलावर एकदा मी टाकलेल्या फाशांवर ११ आले. गॉब्लिनने भाला टाकला आणि गुडघ्यावर बसला. पुढची चाळीस मिनिटं लढाई झालीच नाही, भांडण झालं. सोडला तर तो बाकीच्यांना सावध करेल. बांधून ठेवला तर उपाशी मरेल. शरण आलेल्याला मारायचं, तर आपण नायक कसले? तोवर 'मी मारतो' एवढंच बोलणारी आमची एक मैत्रीण त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या पात्राच्या लहानपणाबद्दल बोलली.

राक्षसाचे डावपेच मला एवढ्यासाठी महत्त्वाचे वाटतात. मरेपर्यंत लढणारा शत्रू नायकांसमोर एकच पर्याय ठेवतो. पळणारा, घासाघीस करणारा, शरण येणारा शत्रू त्यांना निर्णय घ्यायला लावतो, आणि नायक कोण आहे हे त्या निर्णयातून ठरतं.

तुम्ही कधी डंजन मास्टर झालात, तर लढाईआधी प्रत्येक राक्षसाच्या नावापुढे दोनच गोष्टी लिहा: याला काय हवंय, आणि हा कधी माघार घेईल. सांगाडा असेल तर दुसरी जागा कोरी सोडा.