जागा सोडली म्हणून टिकलेली फाटके

इंग्लंडमधल्या जमीनदारी हवेल्यांपुढे घडीव लोखंडाची जुनी फाटके दिसली, की ती पहिल्यापासून तिथेच उभी असावीत असे वाटते. निदान काही नामांकित फाटकांच्या बाबतीत ते खरे नाही. ती जागा सोडू शकली म्हणूनच टिकली, आणि हे सामर्थ्य त्यांच्या घडणीतच होते, असे माझे म्हणणे आहे. ओतीव लोखंड साच्यातून निघते आणि आदळले की तडकते. घडीव लोखंडाचा गज लोहार तापवून ऐरणीवर वळवतो, पत्रा ठोकून पानाफुलांना उठाव देतो आणि सुटे भाग खाचा, रिव्हेट व पट्ट्यांनी बांधतो. असे फाटक म्हणजे असंख्य तुकड्यांची जुळणी; ती उकलून दुसरीकडे पुन्हा उभी करता येते.

ही कला इंग्लंडात बहरली ती फ्रान्सहून आलेल्या झाँ तिजूमुळे. राजा विल्यम आणि राणी मेरी यांच्यासाठी त्याने हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या बागेचे जाळीकाम केले आणि 1693 मध्ये नमुन्यांचे पुस्तक काढले. डर्बीचा रॉबर्ट बेकवेल, रेक्सहॅमजवळचे डेव्हिस बंधू हे त्याच्या पाठोपाठचे. बागेतल्या सरळ वाटेचा देखावा फाटकापाशी न अडता जाळीतून पुढे दिसत राहावा, हा या कामाचा हेतू. अठराव्या शतकाच्या मध्यात उद्यानरचनाकार केपेबिलिटी ब्राउन आणि त्याच्या पंथातल्यांनी सरळ वाटा, भिंतीबंद अंगणे मोडून मोकळी कुरणे आणली. फाटकांना काम उरले नाही. डेव्हिस बंधूंनी 1719 मध्ये पुरे केलेले, वेल्सच्या हद्दीतल्या चर्क किल्ल्याचे फाटक 1770 मध्ये मूळ जागेवरून हलले आणि 1888 मध्ये आजच्या जागी आले.

मालकाची हौस आणि पैसा यांनी फाटके वाचवली, घडणीचे श्रेय कसले, असे कुणी म्हणेल. हौस लागतेच, नाहीतर त्याच महाग लोखंडाचे खिळे-नालही झाले असते. पण हौशीला उकलता येणारी वस्तू मिळाली, हेही तितकेच खरे. 1941 नंतर युद्धासाठी कुंपणे आणि फाटके काढली गेली तेव्हा ऐतिहासिक कामाला सूट होती. तिचा लाभही आधीची दोन शतके तगलेल्यांनाच मिळाला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हललेले फाटक आपला देखावा गमावते. हे मान्य करावेच लागते. टर्नहॅम ग्रीनच्या एका घरासाठी घडलेले फाटक ड्यूक ऑफ डेव्हनशायरने 1837 मध्ये विकत घेऊन चिझिकला नेले, 1897 मध्ये ते लंडनच्या पिकाडिलीतल्या डेव्हनशायर हाऊसपुढे आले आणि 1921 मध्ये समोरच्या ग्रीन पार्कात गेले. आता त्याच्यामागे घर नाही. पण डेव्हनशायर हाऊस 1924 मध्ये पाडले गेले. फाटक उभे आहे.