चिरकारी संसर्गजन्य रोग, दुभत्या गुरांचे (जालना जिल्हा)

दुभत्या गुरांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गजन्य रोगांपैकी सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस), क्षय व योने रोग हे महत्त्वाचे होत. जालना जिल्ह्यातील त्यांच्या नियंत्रणाचा इतिहास हा मुख्यतः विलंबाचा इतिहास आहे.

बुळकांडी, घटसर्प व फऱ्या या रोगांनी थोड्या दिवसांत गोठे ओस पडत. त्यामुळे सरकारी यंत्रणा उभी राहिली ती अशा साथींविरुद्ध. पुणे येथे १८८९ मध्ये स्थापन होऊन १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलविलेल्या प्रयोगशाळेचे लक्षही प्रथम बुळकांडीकडेच होते. जालन्याचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके मिळून स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. येथील कोरडवाहू शेतकरी गुरे बाळगी ती प्रामुख्याने औतासाठी व शेणखतासाठी. एखादी गाय गाभडली, तर ती एका घराची हानी मानली जाई. तिची नोंद क्वचितच होई. संकरित गायी व दुधाचा धंदा आल्यावर मात्र वाया गेलेले एक वेतही कुटुंबास जड जाऊ लागले.

सांसर्गिक गर्भपाताचे जंतू डेन्मार्कमध्ये बर्नहार्ट बांग यांनी १८९७ मध्ये शोधले. गाभणकाळाच्या उत्तरार्धात गर्भ पडतो व वार अडकते. पुढच्या वेताला वासरू बहुधा पूर्ण दिवसांचे होते. त्यामुळे गाय बरी झाली असे मालक समजतो आणि प्रसंगी ती आठवडी बाजारात विकतो. जंतू मात्र तिच्या दुधातून व गर्भाशयाच्या स्रावांतून बाहेर पडतच राहतात. रोगप्रसाराचे खरे मर्म येथे आहे. दूध उकळून पिण्याच्या आपल्याकडील रीतीने घरातील माणसे बरीचशी वाचतात; उघड्या हाताने वार ओढणारा गुराखी किंवा पशुवैद्य वाचत नाही. त्यास होणारा चढउताराचा ताप पुष्कळदा हिवताप किंवा विषमज्वर समजला जातो.

पाश्चात्त्य देशांनी चाचणीत बाधित ठरलेली गुरे मारून क्षय आटोक्यात आणला. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमाने गायीच्या कत्तलीस बंदी आहे. शिवाय १९७२ व २०१२-१३ सारखे दुष्काळ सोसणाऱ्या शेतकऱ्याला भरपाईवाचून दुभती गाय सोडणे परवडणारे नाही. म्हणून लसीकरण हाच व्यवहार्य मार्ग उरला.

अमेरिकेत १९२३ मध्ये एका गायीच्या दुधातून मिळालेल्या जंतूच्या सौम्य वाणापासून केलेली ‘एस-१९’ ही जिवंत लस अनेक दशके उपलब्ध होती. तरी तिचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला तो सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे देश बुळकांडीमुक्त घोषित झाल्यानंतर (२००६) तेरा वर्षांनी. जालन्यासह सर्व जिल्ह्यांसाठी असलेल्या या कार्यक्रमात ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना व पारड्यांना ही लस एकदाच टोचतात. नर वासरांना व गाभण जनावरांना ती देत नाहीत. टोचणाऱ्यास चुकून सुई लागल्यास त्यालाही रोग होऊ शकतो.

योने रोगाविरुद्ध असा कार्यक्रम नाही. वासरू लहानपणी दूषित शेणातून बाधित होते. हगवण व खंगणे ही लक्षणे दोन किंवा अधिक वर्षांनी दिसतात. त्यामुळे वासरे मोठ्या गुरांच्या शेणापासून दूर बांधणे हाच त्यावरील मुख्य उपाय होय.