पतअहवाल : तपासणी व दुरुस्ती

पतअहवाल म्हणजे व्यक्तीने घेतलेली कर्जे, क्रेडिट कार्डे आणि त्यांची परतफेड यांची पतमाहिती कंपनीने ठेवलेली नोंद. बोलताना तिला सरसकट ‘सिबिल’ म्हणतात. प्रत्यक्षात भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या हे काम करतात. त्यांना पतमाहिती कंपन्यांविषयीचा २००५ चा कायदा लागू आहे.

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल गुणांकासह विनामूल्य द्यायचा असतो. गुणांक ३०० ते ९०० दरम्यान असतो. आपला अहवाल आपणच पाहिल्याने गुणांक घसरत नाही. तो घसरेल या भीतीपोटी अनेकजण अहवाल बघायचेच टाळतात आणि चूक कळते ती थेट कर्ज नाकारले गेल्यावर.

नाव, जन्मतारीख व पॅन आधी ताडून पाहावेत. पॅन चुकीचा नोंदला गेला, तर भलत्याच माणसाचे कर्ज आपल्या खात्यावर चढते. मग प्रत्येक खाते पाहावे. कर्ज फिटून बेबाकी दाखला हाती आला, तरी शिल्लक रकमेच्या रकान्यात आकडा तसाच राहिलेला आढळतो. महिनावार नोंदीत ‘०००’ म्हणजे थकबाकी नाही, ‘०३०’ म्हणजे हप्ता तीस दिवस थकला. न घेतलेले कर्ज दिसल्यास कागदपत्रांच्या गैरवापराची शंका घेऊन पोलिसांकडेही जावे. मात्र जामीन राहिलेल्या कर्जाची नोंद ही चूक नव्हे. तडजोडीने मिटवलेल्या कर्जावरचा ‘सेटल्ड’ हा शेराही नव्हे.

तक्रार कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य करता येते. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही, म्हणून दाखला व खातेउतारा जोडून बँकेलाही लेखी कळवणे शहाणपणाचे. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. विलंब ज्याचा, भरपाई त्याची. तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

पैसे घेऊन ‘सिबिल साफ करून’ देणाऱ्यांच्या नादी लागू नये. खरी थकबाकी त्यांना पुसता येत नाही आणि खोटी नोंद काढायला त्यांची गरज नाही. एका कंपनीकडे दुरुस्ती झाल्यावर उरलेल्या तिन्हींचे अहवालही काढून पाहावेत.