रतलामची गटारं आणि कलम १३३

रतलाम म्हटलं की आपल्याला शेव आठवते, नाहीतर रात्रीच्या गाडीत डोळा लागलेला असताना कानावर येणारी चहावाल्यांची हाक. मुंबई-दिल्ली मार्गावरचं मोठं जंक्शन. मला मात्र गेले दोन-तीन वीकांत रतलाम वेगळ्याच कारणाने आठवतंय, ते म्हणजे तिथली गटारं. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या. :)

तर झालं असं, की १९७० च्या दशकात रतलामच्या वॉर्ड नं. १२ मधल्या न्यू रोड भागातले लोक वैतागले होते. उघडी गटारं, साचलेलं पाणी, डास, अल्कोहोलच्या कारखान्याचं वास मारणारं सांडपाणी थेट रस्त्यावर, आणि शेजारच्या झोपडपट्टीत संडासच नसल्यामुळे तिथले लोक उघड्यावर बसणार. नगरपालिका ढिम्म. अशा वेळी आपण काय करतो? आणखी एक अर्ज देतो, नगरसेवकाला गाठतो, पेपरात पत्र लिहितो. हे लोक मॅजिस्ट्रेटकडे गेले आणि म्हणाले, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली नगरपालिकेला हुकूम द्या.

हे कलम काय आहे ते जरा बघू. मूळचं इंग्रजांच्या काळचं. १८९८ च्या संहितेत ते याच नंबरने होतं, १९७३ च्या नव्या संहितेतही नंबर तोच राहिला. रस्त्यात अडथळा, तब्येतीला घातक धंदा, पडायला आलेली इमारत, कठडा नसलेली विहीर, असा कुठलाही सार्वजनिक उपद्रव दिसला की मॅजिस्ट्रेट संबंधित माणसाला हुकूम देऊ शकतो, की अमुक मुदतीत हे हटव, नाहीतर समोर येऊन का नाही हटवणार ते सांग. माहिती पोलिसांकडूनच यायला हवी असं नाही, इतर कोणाकडून आली तरी चालते. रीतसर दिलेल्या हुकुमाला दिवाणी कोर्टात आव्हान देता येत नाही. आणि हुकूम मोडला तर तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या कलम १८८ खाली शिक्षा.

थोडक्यात काय, तर सरकारने रयतेला शिस्त लावायची ही छडी. रतलामच्या लोकांनी ती नगरपालिकेवरच उगारायला लावली. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

मॅजिस्ट्रेटने ऐकलं. सहा महिन्यांत उपद्रव दूर करायचा आराखडा तयार करा असा हुकूम दिला. नगरपालिका सेशन्स कोर्टात गेली, तिथे हुकूम रद्द झाला. हायकोर्टाने तो परत उभा केला. मग नगरपालिका सुप्रीम कोर्टात! तिथलं तिचं मुख्य रडगाणं काय, तर आमच्याकडे पैसे नाहीत. म्हणजे गटाराला पैसे नाहीत, पण दिल्लीपर्यंत अपील लढवायला आहेत. आणखी एक युक्तिवाद तर ऐकण्यासारखा आहे. तिथे घाण आहे हे माहीत असूनच या लोकांनी तिथे घरं घेतली, मग आता तक्रार कसली? (आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरचा माणूस शब्दशः हेच बोलला होता. असो.)

२९ जुलै १९८० ला निकाल लागला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि चिन्नप्पा रेड्डी. कृष्ण अय्यर म्हणजे १९५७ च्या केरळच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री असलेले गृहस्थ, त्यामुळे सरकारी तिजोरीची रड त्यांना नवीन नव्हती. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या नगरपालिका कायद्यातल्या कलम १२३ नुसार रस्ते, गटारं साफ ठेवणं आणि घाण उचलणं हे नगरपालिकेचं कर्तव्यच आहे, आणि पैसे नाहीत ही सबब त्यातून सुटका देत नाही, असं कोर्टाने स्पष्ट सांगितलं. कलम १३३ मधलं 'देऊ शकतो' हेसुद्धा मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर सोडलं नाही. सार्वजनिक उपद्रव आहे असं दिसलं की त्याने अधिकार वापरलाच पाहिजे.

पण मला निकालाच्या तत्त्वांपेक्षा शेवटचे आदेश जास्त आवडले, कारण ते एखाद्या नीट लिहिलेल्या स्पेकसारखे आहेत. कारखान्याचं सांडपाणी रस्त्यावर येणं थांबवा. सार्वजनिक संडास बांधा, बायकांचे वेगळे, पाण्याची सोय करून, आणि ते रोज साफ करा. डासांचे खड्डे बुजवा. राज्य सरकारने पैशाची मदत करावी. आणि मॅजिस्ट्रेटने दर तीन महिन्यांनी स्वतः जाऊन काम किती झालं ते बघावं, हुकूम मोडला तर कलम १८८ आहेच. प्रत्यक्ष जाऊन बघणारा तिसरा माणूस, त्याच्या फेऱ्या ठरलेल्या, आणि हयगय केली तर शिक्षेची धास्ती. आपल्या कुठल्याही तक्रार खिडकीवर यातलं एक तरी असतं का?

दुसरी गोष्ट म्हणजे ते संडास. तक्रार करणारे न्यू रोडचे घरमालक होते. झोपडपट्टीवाले घाण करतात, त्यांना हाकला, असा आदेश निघणं अगदी सोपं होतं. कोर्टाने उलट त्यांच्यासाठी संडास बांधायला लावले. हे लिहितोय कारण वीस वर्षांनी सूर बदलला. आल्मित्रा पटेल या एमआयटीत शिकलेल्या इंजिनिअर बाईंनी १९९६ मध्ये शहरांच्या कचऱ्यावर जनहित याचिका केली. त्याच प्रकरणात १५ फेब्रुवारी २००० च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने सरकारी जमिनीवरच्या झोपडीवाल्याला पर्यायी जागा देणं म्हणजे पाकीटमाराला बक्षीस देणं, अशा अर्थाचं वाक्य लिहिलं. कचऱ्याच्या केसमध्ये! मला ते वाक्य अजून पचत नाही.

त्या याचिकेमुळे चांगलंही झालं. २००० मध्ये घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम आले. त्यात तारखा होत्या. नवीन भरावाच्या जागा २००२ च्या अखेरीपर्यंत शोधा, कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रं ३१ डिसेंबर २००३ पर्यंत उभी करा. तारखा गेल्या. मुंबईचा १९२७ पासूनचा देवनारचा डोंगर तसाच वाढत राहिला आणि जानेवारी २०१६ मध्ये पेटला तेव्हा धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या. नियमांत मुदत होती, पण दर तीन महिन्यांनी येणारा मॅजिस्ट्रेट नव्हता.

त्याच वर्षी स्वच्छतेच्या तक्रारींचं सरकारी ॲपही आलं. फोटो काढा, पाठवा. मी नदीकाठी रात्री टाकल्या जाणाऱ्या राडारोड्याचे फोटो पाठवले. दोन दिवसांत 'तक्रारीचे निवारण झाले' असा मेसेज आला. ढीग तिथेच, उलट त्यावर दोन ट्रक नवीन. आम्ही ऑफिसात टिकिटं बंद करतो तेव्हा निदान टेस्टर परत उघडतो हो. इथे ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच ती बंद करणार!

मधल्या काळात कलम १३३ मेलं की काय अशीही शंका आली होती. पाणी आणि हवा प्रदूषणाचे खास कायदे झाल्यावर या कलमाची गरज संपली, असं मध्य प्रदेश हायकोर्टाने म्हटलं होतं. २००३ मध्ये केडिया लेदर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते खोडून काढलं. दोन्ही बाजूबाजूला नांदू शकतात. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात हेच कलम १५२ नंबरने आहे. मजकूर जवळपास तोच.

अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या बोलीत प्रांतसाहेबांकडे जातो. फोटो, तारखा, ट्रक यायच्या वेळा आणि शेजाऱ्यांचे जबाब एवढं जोडायचं. आमच्या गल्लीतून आत्तापर्यंत सात सह्या झाल्यात. देशपांडे काका अजून विचारतायत, की प्रांत असतो कुठे बसायला.