चार शीटच्या कोपऱ्यातलं देवबाग

तारकर्लीच्या पुढे देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूचा चिंचोळा पट्टा, त्यावर माड आणि घरं. हे गाव सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर शोधायला जा, मजा येते.

शीटचे नंबर म्हणजे चक्क आपली ॲड्रेसिंग स्कीम. ४ अंश बाय ४ अंशाचा एक चौकोन, त्याचे ए ते पी असे १६ भाग, प्रत्येकाचे पुन्हा १६. शेवटचा तुकडा १५ मिनिटांचा, एक इंचाला एक मैल. मालवण ४७ एच/८ वर, वेंगुर्ला ४८ ई/९ वर. आणि १६ अंश अक्षांश नि ७३ अंश ३० मिनिटं रेखांश या दोन कडा छेदतात नेमक्या देवबागच्या आसपास! म्हणजे एवढासा परिसर धड बघायला चार शीट जोडायच्या.

बरं, त्या मिळायच्या कुठे? १९६० च्या दशकापासून किनाऱ्यालगतच्या सुमारे ८० किलोमीटर पट्ट्याचे नकाशे सर्वसामान्यांना बंद. म्हणजे अख्खा सिंधुदुर्ग (१९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातला) त्यात आला. २००५ च्या धोरणाने खुली मालिका वेगळी काढली, खरी मोकळीक २०२१ मध्ये. गंमत म्हणजे अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या साइटवर कुणालाही फुकट.

आता नकाशा हातात आला की आपल्यासारख्यांना पहिला मोह होतो तो गूगल अर्थवर चढवून 'बघा, समुद्र किती आत आला' म्हणायचा. देवबागला समुद्र जमीन खातोय हे खरंच आहे. पण जरा हिशोब करा. या स्केलवर १ मिलिमीटर म्हणजे ६३ मीटर. कुणाची २० मीटर माडाची बाग गेली असेल, तर ती नकाशावर किनाऱ्याच्या रेघेच्या जाडीतच बुडाली. त्यात जुना नकाशा एव्हरेस्टच्या गोलाकारावर, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. तो फरक दुरुस्त केला नाही तर किनारा शंभरएक मीटर आपोआप सरकतो, समुद्राने काहीही न करता!

टोपोशीट काढली ती फौजांसाठी, रस्त्यांसाठी. बाग गेलेल्या माणसाचा पुरावा तलाठ्याकडच्या गावनकाशात, सर्व्हे नंबरच्या हद्दीत असतो. त्याच्या बाजूने बोलायचं असेल तर आधी तो नकाशा काढा. चुकीचा ओव्हरले दाखवला, तर त्याची खरी तक्रारसुद्धा खोटी ठरते.